ब्रेक ओरडतात, त्यांचे ऐका

चेन्नईच्या बेझंट नगर किंवा तिरुवान्मियूरसारख्या समुद्राकाठच्या वस्तीत रात्रभर उघड्यावर उभी असलेली मोटार सकाळी निघाली, की पहिल्या वळणालाच ब्रेक 'चींऽऽ' करून ओरडतात. घरची मंडळी दचकतात. दोन-चार वेळा ब्रेक दाबला, की आवाज आपोआप थांबतो. अशा वेळी घाबरण्याचे कारण नसते. खाऱ्या, दमट हवेने लोखंडी डिस्कवर गंजाचा पातळ थर चढलेला असतो. पॅड तो घासून काढतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिथल्या पावसाळ्यात हे अधिकच घडते. मुंबई-रत्नागिरीकरांनाही हा अनुभव नवा नाही.

ओले बोट काचेच्या पेल्याच्या काठावरून फिरवले, की पेला वाजतो. ब्रेकचेही तसेच आहे. पॅड डिस्कवर क्षणात चिकटतो, क्षणात निसटतो आणि त्या कंपनांनी डिस्क वाजू लागते.

आवाज दिवसभर येत राहिला, तर मात्र चाक काढून पाहावे. अनेक पॅडना पोलादाची छोटी पट्टी असते. पॅड झिजला, की ती डिस्कला टेकून ओरडते. ती त्यासाठीच बसवलेली असते. पॅडचा थर ३ मि.मी.च्या आसपास उरला असेल, तर डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलावेत. एकाच बाजूचे बदलल्यास ब्रेक दाबताना गाडी एकीकडे ओढली जाऊ शकते. 'खर्रर्र' असा आवाज आला, तर धातूवर धातू घासत असण्याची शक्यता असते. मग गाडी पुढे न नेता मेकॅनिकलाच बोलवावे.

पॅड जाड असूनही आवाज येत असेल, तर साचलेली धूळ, कोरड्या पडलेल्या कॅलिपरच्या पिना किंवा तापून गुळगुळीत झालेले पॅड ही कारणे असू शकतात. सफाई करून पिनांना ब्रेकसाठीचेच, उष्णता सोसणारे ग्रीस लावावे.

शेजाऱ्याच्या सल्ल्याने डिस्कवर शिवणयंत्राचे दोन थेंब तेल मात्र कधीही सोडू नये. आवाज जाईल, पण त्याबरोबर ब्रेकही जाईल!

१९६२ साली स्थापन झालेली 'ब्रेक्स इंडिया' ही कंपनी चेन्नईतल्या पाडीचीच. चांगल्या कंपनीचे पॅड आता गावोगावी मिळतात. ते आपल्या गाडीच्या मॉडेलचेच घ्यावेत आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराने ब्रेक मारणे शक्यतो टाळावे.