वृक्षालेखाची साक्ष : नामदेवांची गाथा आणि समूह-विश्लेषण

नामदेवांच्या नावावर असलेल्या अभंगांपैकी कोणते तेराव्या-चौदाव्या शतकातील नामदेवांचे आणि कोणते सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांचे, हा प्रश्न मराठी वाङ्मयेतिहासकारांना दीर्घकाळ सतावत आला आहे. संगणकाच्या साहाय्याने तो सुटेल, अशी आशा अलीकडे संशोधक विद्यार्थी बाळगू लागले आहेत. ती अगदीच निराधार नाही. ऑस्ट्रेलियातील अभ्यासक जॉन बरोज यांनी २००२ मध्ये ‘डेल्टा’ नावाचे एक माप मांडले. लेखकाच्या हातून नकळत निसटणाऱ्या अतिपरिचित शब्दांची वारंवारता मोजावयाची, ती प्रमाणित करावयाची आणि त्यावरून दोन संहितांमधील अंतर काढावयाचे, अशी ही रीत आहे. अंतरे हाती आली की समूह-विश्लेषण जवळच्या संहितांना एका फांदीवर आणून बसविते. हा वृक्षालेख दिसावयास मोठा मोहक असतो.

असा एक वृक्षालेख आमच्या विभागातील एका संशोधक विद्यार्थिनीने माझ्यासमोर ठेवला. त्याआधी ती आठवडाभर हवालदिल होती, कारण आज्ञावली मधेच थांबत होती. कारण साधे निघाले. संपूर्ण गाथेवरून केलेल्या शब्दयादीतील एक शब्द निवडलेल्या नमुन्यांत एकदाही आलेला नव्हता. त्या स्तंभाचे प्रमाण विचलन शून्य झाले, शून्याने भागाकार झाला आणि अंतरे काढणेच अशक्य होऊन बसले. तो स्तंभ काढताच काम पुढे सरकले. माझ्या मते त्या आठवड्यात यंत्राने दिलेले हे एकमेव प्रामाणिक उत्तर होते. थांबणारी आज्ञावली निदान काही बिघडले आहे, हे सांगते तरी. पुढे मात्र यंत्र एकदाही अडले नाही, आणि खरी फसगत तेथेच होती.

आलेखात दोन ठळक फांद्या होत्या. दोन नामदेव! मीही क्षणभर हुरळून गेलो, हे कबूल केले पाहिजे. नंतर शब्दयादी मागवून पाहिली, तर तीत ‘ठल’, ‘हण’, ‘ढर’ असे शब्द. शब्द वेगळे करण्यासाठी वापरलेले पायथनमधील नेहमीचे सूत्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांना अक्षर मानीतच नाही. तेथे ते शब्द तोडते आणि सुटा राहिलेला एकेरी वर्ण टाकून देते. ‘विठ्ठल’चा ‘ठल’ झाला, ‘म्हणे’चा ‘हण’. आपण मराठीची शैली मोजतो आहोत असे मानून तिच्या अवशेषांची मोजदाद चालली होती.

हे दुरुस्त केल्यावरही दोन फांद्या राहिल्याच. आता एका फांदीवर ‘तें’, ‘नाहीं’, ‘केलें’ होते, तर दुसरीवर ‘ते’, ‘नाही’, ‘केले’. निम्मे अभंग जुन्या छापील आवृत्तीवरून टंकलिखित केलेले, निम्मे नव्या आवृत्तीवरून. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. केशवसुतपूर्वकालीन पद्य मात्र मुळानुसार छापावे, असेही महामंडळाच्या नियमांतच म्हटले आहे. ते सर्वांनी पाळले नाही. यंत्राने दोन कवी वेगळे केले नव्हते, दोन छापखाने वेगळे केले होते. सर्व अनुस्वार पुसून टाकणे हा उपायही निर्दोष नाही. ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन यांतील भेद त्याबरोबर जातो.

नाममुद्रेचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘नामा म्हणे’ आणि ‘विष्णुदास नामा’ या मुद्रा जवळपास प्रत्येक अभंगाच्या शेवटी येतात, म्हणून वारंवारतेत त्या वरच्या स्थानी जाणारच. त्या ठेवल्या तर यंत्र मुद्रेवरूनच गट पाडील, आणि मुद्रा तर वादाचाच विषय आहे. विष्णूचा दास या अर्थाने पहिल्या नामदेवांनीही स्वतःला विष्णुदास म्हणविले असणे शक्य असल्यामुळेच हा घोळ झाला. मुद्रा वगळाव्यात, हे उघड आहे. पण दुसरी अडचण तितकी सहज सुटत नाही. माचेय एडर यांनी अनेक भाषांतील कादंबऱ्या तपासून भरवशाच्या निर्णयासाठी सुमारे ५००० शब्दांचा नमुना लागतो, असे दाखविले होते. आपला अभंग जेमतेम चाळीस-पन्नास शब्दांचा. म्हणजे शेकडो अभंग एकत्र जोडावे लागणार. ते कोणत्या आधारावर जोडावयाचे? एकाच कर्त्याचे म्हणून जोडावेत, तर जे सिद्ध करावयाचे तेच आपण गृहीत धरीत आहोत.

राहिले तांत्रिक पर्याय. ‘आर’ या प्रणालीत २०१४ पासून वॉर्डची पद्धत दोन नावांनी मिळते. त्यांतील एक अंतरांचा वर्ग स्वतः करते, दुसरी करीत नाही. कोणती वापरली हे न सांगता नुसते ‘वॉर्ड’ लिहिणे निरर्थक आहे. के-मीन्स पद्धतीत आरंभबिंदू यादृच्छिक असतात आणि ‘आर’ आपणहून एकच प्रयत्न करते. यादृच्छिकतेचे बीज नोंदविले नाही, तर दुसऱ्या दिवशी वेगळेच गट निघू शकतात.

संगणक नको, असे मला म्हणावयाचे नाही. परंतु समूह-विश्लेषणाला समूह मागितले की ते देतेच. समूह नाहीत, असे ते कधीच सांगत नाही. म्हणून असा आलेख असलेला लेख स्वीकारताना नियतकालिकांनी अभंगांची आवृत्ती, लेखनात केलेले बदल, वगळलेल्या मुद्रा, शब्दयादी, अंतराचे माप आणि जोडणीची पद्धत लेखातच छापण्याची अट घालावी. मौखिक परीक्षेतही शब्दयादी आधी मागवावी, आलेख नंतर पाहावा.

आमच्या विद्यार्थिनीने सर्व अभंग एकाच आवृत्तीवरून पुन्हा उतरवून घेतले आणि मुद्रा काढल्या. आता त्या दोन फांद्या दिसत नाहीत. प्रबंधातील ते प्रकरण तिने गाळलेले नाही; त्याचे शीर्षक तेवढे बदलले आहे.