सोबतीची सायकल आणि औचित्यविचार

रविवारी पहाटे चारपाच मित्रांसोबत पुण्याहून खडकवासल्याकडे निघावे, जमल्यास सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जावे, वाटेत एखाद्या टपरीवर चहा घ्यावा आणि उन्हे तापायच्या आत घरी परतावे, एवढ्या माफक हेतूने जो नवी रोड बाईक घ्यायला बाहेर पडतो, त्याच्या हाती सायकलीच्या आधी एक परिभाषा पडते. सांगाडा कार्बनचा की ॲल्युमिनियमचा, एकूण वजन आठ किलो की दहा, मागच्या चक्राला दाते किती, चाकाची कड किती खोल आणि ती वारा कसा कापते, असे प्रश्न त्याला विचारले जातात. वाऱ्याविषयी 'तो समोरून आहे की पाठीमागून' याहून अधिक विचार ज्याने आयुष्यात केलेला नाही, असा सद्गृहस्थ मग दहा मिनिटांत स्वतःला अडाणी समजू लागतो आणि निर्णय दुकानदाराच्या, किंवा गटातल्या सर्वांत जाणकार मित्राच्या, हवाली करून मोकळा होतो. आमचे म्हणणे असे, की हा शरणागतीचा क्षण टाळण्याजोगा आहे. रोड बाईक निवडण्याचे रूढ निकष शर्यतीतून आलेले आहेत. मित्रांसोबतचा फेरफटका हा शर्यतीचा सौम्य अवतार नसून एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्याची सायकल त्या प्रकाराच्याच निकषांवर पारखली पाहिजे.

साहित्याच्या अभ्यासकांना हा दोष ओळखीचा वाटावा. लघुनिबंधाला शोकांतिकेचे माप लावून त्यात संघर्ष नाही अशी तक्रार करणारा समीक्षक आपण सर्वांनी वाचलेला आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' लिहिली तीमागचा आग्रह हाच होता, की अलंकार स्वतः कितीही मोलाचा असो, तो योग्य जागी नसेल तर हास्यास्पद ठरतो. मेखला गळ्यात घातली म्हणून गळा शोभत नाही. सायकलीच्या बाजारात आज गळ्यात घातलेल्या मेखला पुष्कळ दिसतात. शर्यतींसाठी सायकलीचे वजन किमान ६.८ किलो असावे, असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा नियम २००० सालापासून आहे. ज्यांना कोणतीही शर्यत जिंकायची नाही, अशी माणसेसुद्धा त्या आकड्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जाण्यासाठी लाखांनी रुपये मोजतात, तेव्हा क्षेमेंद्राची आठवण होणे अपरिहार्य आहे.

सायकलीच्या इतिहासात हा वाद जुनाच आहे, आणि गमतीची गोष्ट म्हणजे तो दोन संपादकांमधला वाद होता. 'लोतो' या फ्रेंच दैनिकाचे संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ साली तूर द फ्रान्स ही शर्यत सुरू केली. माणसाच्या स्नायूंची कसोटी हे त्या शर्यतीचे ब्रीद असल्यामुळे चढावर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्राचा त्यांना तिटकारा होता, आणि व्यावसायिक स्पर्धकांना ते यंत्र १९३७ सालापर्यंत वापरू दिले गेले नाही. त्याच काळात सेंत-एत्येन या गावी पॉल द विवी नावाचे एक गृहस्थ 'वेलोसिओ' या टोपणनावाने 'ल सिक्लिस्त' हे नियतकालिक चालवीत आणि बदलत्या गिअरांचा हिरिरीने पुरस्कार करीत. त्यांच्यासमोरचा वाचक स्पर्धक नव्हता. डोंगराळ मुलुखातून भटकणारा सामान्य प्रवासी होता. वेलोसिओ १९३० साली वारले. त्यानंतर सात वर्षांनी शर्यतीनेही त्यांचे म्हणणे मान्य केले. ज्याला दुर्बलांची सोय म्हणून हिणवले गेले, त्यावाचून आज एकही रोड बाईक विकली जात नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु देग्रांज यांच्यावरही अन्याय होऊ नये. १९०४ साली त्यांनीच फ्रान्समध्ये 'ओदाक्स' पद्धतीच्या सफरींना चालना दिली. या सफरींत सगळे स्वार एका गटाने, एका ठरलेल्या संथ गतीने, गटनायकाच्या मागून जातात आणि त्याला ओलांडून पुढे जाण्याची मुभा कोणालाही नसते. त्या परंपरेतल्या सफरी आजही ताशी २२.५ किलोमीटरच्या गतीने चालवल्या जातात. आपल्याकडे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करण्याच्या ज्या 'ब्रेव्हे' सफरी लोकप्रिय आहेत, त्या १९२१ नंतरच्या, ज्याने त्याने आपल्या गतीने जाण्याच्या शाखेतल्या. म्हणजे एकाच माणसाने शर्यतही जन्माला घातली आणि सोबतीची रीतही. एकाच सायकलीवरून या दोन्ही गोष्टी करता येतात. मात्र त्या दोन गोष्टी आहेत, याचे भान त्याला होते.

हे भान ठेवले, तर सायकल निवडण्याचे गणित उलटे होते. शर्यतीत स्वाराची गती त्याची स्वतःची असते. फेरफटक्यात गटाची गती सर्वांत मागे असलेल्या मित्राची असते. त्यामुळे गटातल्या सर्वांत तगड्या माणसाने अधिक वेगवान सायकल घेतली, तर तो घरी लवकर पोहोचत नाही. घाटमाथ्यावर इतरांची वाट पाहत अधिक वेळ उभा राहतो. वजनाचेही तसेच. सत्तर किलोचा माणूस दहा किलोच्या सायकलीवर बसला, की चढावर न्यायचा भार ऐंशी किलो होतो. दीड किलोने हलकी सायकल घेतली, तर त्या भारात दोन टक्क्यांहूनही कमी फरक पडतो. एवढ्या फरकासाठी किंमत मात्र सहज दुप्पट होऊ शकते. शर्यतीत दोन टक्के म्हणजे जय-पराजय. फेरफटक्यात ते चहाच्या दुसऱ्या कपाइतकेही नव्हेत.

मग पाहायचे काय? आमच्या मते पहिला निकष असा, की त्या सायकलीवर बसून शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. हा निकष दिसतो तितका भाबडा नाही. रोड बाईकचे हँडल खाली वळलेले असते; त्याची उंची आणि सीटपासूनचे त्याचे अंतर यांवर स्वार किती वाकेल हे ठरते. शर्यतीच्या घडणीत हँडल खाली आणि दूर असते, कारण पाठ आडवी झाली की वाऱ्याचा अडथळा कमी होतो. लांबच्या आरामशीर सफरींसाठीही एक वेगळी घडण असते. तिच्यात सांगाड्याची पुढची बाजू थोडी उंच आणि हँडल थोडे जवळ असते. इंग्रजीत तिला 'एंड्युरन्स' म्हणतात. या दुसऱ्या घडणीत मान मोडून वर पाहावे लागत नाही, मनगटांवर भार येत नाही आणि तासाभराने माणूस बोलण्याच्या स्थितीत असतो. दुकानात सायकल पाच मिनिटे फिरवून हे कळत नाही. निदान अर्धा तास, आणि शक्य तर एखाद्या चढावर, चालवून पाहावी. मोठ्या किंवा लहान मापाची सायकल केवळ सवलतीत मिळते म्हणून घेणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. नाजूक महागड्या सायकलीपेक्षा अंगमापाची साधी सायकल नेहमीच श्रेष्ठ.

दुसरा निकष चढाचा. पुण्याहून दक्षिणेकडे निघाले, की कात्रज, बोपदेव, दिवे यांपैकी एखादा घाट बहुधा आडवा येतो. जुन्या शर्यती सायकलींना पुढे ३९ आणि मागे २५ दात्यांची जोडी सर्वांत हलकी म्हणून असे. पायडलाच्या एका फेऱ्यात ती सायकल सुमारे ३.३ मीटर पुढे जाई. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असले, तर एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरही जात नाही, आणि म्हणून चाळिशी-पन्नाशीतले गुडघेही चढावर टिकून राहतात. खरेदी करताना सर्वांत जड गिअर कोणता हे अनेक जण विचारतात. विचारायला हवा तो सर्वांत हलका गिअर. जड गिअर आपल्याला इतरांच्या पुढे नेतो. हलका गिअर इतरांच्या सोबत ठेवतो.

तिसरा निकष रस्त्याचा. 'रोड बाईक' या नावातला रोड कोणत्या देशातला आहे, हे कोणी विचारत नाही. एके काळी २३ मिलिमीटर रुंदीचे टायर हाच धर्म मानला जाई. आता शर्यतींतसुद्धा २८ मिलिमीटरचे टायर सर्रास दिसतात, कारण खडबडीत पृष्ठभागावर कडक, अरुंद टायर उसळत राहतो आणि त्या उसळण्यात श्रम वाया जातात, हे ध्यानात आले आहे. आपल्या गतिरोधकांना, खड्ड्यांना आणि खोदून बुजवलेल्या चरांना ३२ मिलिमीटरचा टायर मावेल असा सांगाडा आम्ही उचित मानतो. मडगार्ड बसवायची सोय आहे का, हेही पाहावे. आषाढात मागच्या चाकावरून उडणारा चिखल सर्वप्रथम मागून येणाऱ्या मित्राच्या तोंडावर जातो. तेव्हा मडगार्ड ही स्वतःपेक्षा दुसऱ्यासाठी बसवायची वस्तू आहे. आणि शेवटी, आपल्या गल्लीतल्या सायकलवाल्याला जी उघडता आणि जोडता येते, अशीच यंत्रणा घ्यावी. तारेवर चालणारे ब्रेक आणि गिअर तो सहज हाताळतो. द्रवदाबावर चालणारे ब्रेक पावसात उत्तम खरे. पण त्यांची दुरुस्ती जवळपास होत असेल, तरच.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. सौंदर्याचे काय? एखादी सडसडीत, हलकी, नितळ रंगाची सायकल पाहून मन हरखते, ते उपयुक्ततेचा हिशेब मांडून हरखत नाही. ज्याने वीस वर्षे संसार सांभाळला, त्याने एक सुंदर वस्तू स्वतःसाठी घेतली तर त्याला औचित्याचा दंडुका का दाखवावा? हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. इतका, की ज्याला खरोखरच एकट्याने वेगात जाण्याचा ध्यास आहे, त्याने शर्यतीचीच सायकल घ्यावी असे आम्ही म्हणू. प्रश्न इतकाच आहे, की हा हर्ष सायकलीचा आहे की जाहिरातीचा. जेरोम के. जेरोम यांच्या 'थ्री मेन ऑन द बमेल' या १९०० सालच्या पुस्तकात तीन मित्र जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये सायकलींवरून फिरतात. दोघांना मिळून एक जोडसायकल, तिसऱ्याला एकेरी. त्यात सायकलींच्या भित्तिपत्रकांची यथेच्छ टिंगल आहे, कारण भित्तिपत्रकातला स्वार कधीच कष्ट करताना दिसत नाही. सव्वाशे वर्षांनंतर चित्र एवढेच बदलले, की आताचा स्वार भरपूर कष्ट करताना दिसतो. पण तो बहुधा एकटा असतो. निर्मनुष्य घाट, धुके, आणि एक पाठ. ज्याला चार मित्रांसोबत जायचे आहे, त्याला ही एकांताची प्रतिमा विकली जाते, यात कोठेतरी खोट आहे.

पैशाचा प्रश्नही येथेच येतो, आणि सभ्य माणसे तो टाळतात म्हणून आम्ही तो मांडतो. आमच्या पाहण्यातल्या एका गटात सहा जण होते. प्राध्यापक, एक बँकेतले, एक मुद्रितशोधन करणारे. दोघांनी कार्बनच्या सायकली घेतल्या. कोणी कोणास काही बोलले नाही. पण चहावरच्या गप्पांचा विषय पुस्तकांवरून चाकांवर सरकला, गटाची गती ताशी दोनतीन किलोमीटरने वाढली, आणि मुद्रितशोधन करणाऱ्या गृहस्थांना रविवारी कामे निघू लागली. सायकल ही वस्तू माणसामाणसांतले आर्थिक अंतर किती उघडे करू शकते, हे 'बायसिकल थीव्ज' या १९४८ सालच्या चित्रपटाने दाखवले आहे. तेथे अंथरुणावरच्या चादरी गहाण ठेवून सायकल सोडवून आणली जाते, कारण तिच्यावर नोकरी अवलंबून असते. आपल्याकडेही दांडीची, वीसेक किलोची काळी सायकल दूधवाल्याची, पोस्टमनची आणि शाळामास्तरांची एकच होती. तिचेही नाव 'रोडस्टर' होते. ती बनवणाऱ्या ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तो समान काळ परत आणता येणार नाही. पण आपल्या गटातल्या सर्वांत कमी मिळकतीच्या मित्राला ओशाळे वाटू नये, एवढा विचार आपल्या खरेदीत असणे अशक्य नाही.

मराठीत 'साहित्य' या शब्दाचे दोन अर्थ आपण रोज वापरतो: वाङ्मय, आणि कामाला लागणारी सामग्री. दोन्हींच्या मुळाशी 'सहित' आहे, म्हणजे सोबत असणे. सायकल हे सोबतीचे साहित्य आहे असे मानणाऱ्याने दुकानात जाताना एखादा मित्र बरोबर न्यावा. मात्र तो गटातला सर्वांत जाणकार नसून सर्वांत मागे राहणारा असावा. आवडलेली सायकल घेऊन त्याच्या शेजारून एक चढ चढून पाहावा. वर पोहोचेपर्यंत दोघांचे संभाषण तुटले नाही, तर किंमत विचारायला हरकत नाही.