थायरॉईडचा कर्करोग वाढला, की त्याचा शोध?

थायरॉईडच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णांचे चित्र गेल्या काही दशकांत पालटले आहे. पूर्वी गळ्यावरील मोठी गाठ, घोगरा झालेला आवाज किंवा गिळताना होणारा त्रास घेऊन रुग्ण शल्यचिकित्सकाकडे येत असे. आता येणाऱ्यांपैकी अनेकांची गाठ हाताला लागतही नाही. भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये ती दिसलेली असते.

रोगाचा प्रकारही बदलला. आयोडीनची कमतरता असलेल्या प्रदेशांत फॉलिक्युलर आणि काही महिन्यांतच प्राण घेणारा अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोग तुलनेने अधिक आढळत असे. भारतात व्ही. रामलिंगस्वामी यांच्या पथकाने १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेल्या प्रयोगातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड आटोक्यात येतो हे दिसले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आहारातील आयोडीन वाढले की सावकाश वाढणाऱ्या पॅपिलरी प्रकाराचा वाटा वाढतो, असा अनेक देशांचा अनुभव आहे. मात्र एक सेंटिमीटरहून लहान गाठींची जी लाट आली, तिचे श्रेय मिठापेक्षा यंत्राला अधिक जाते.

याचा सर्वांत बोलका पुरावा दक्षिण कोरियाने दिला. तेथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉईडचा त्यात समावेश नव्हता. पण रुग्णालये अल्प शुल्कात गळ्याची सोनोग्राफीही करून देऊ लागली. २०११ मध्ये निदानाचा दर १९९३ च्या १५ पट झाला, त्या एका वर्षात ४० हजारांहून अधिक जणांना कर्करोग असल्याचे सांगण्यात आले. मृत्युदर मात्र जागचा हलला नाही. रोग खरोखर पसरला असता किंवा वेळीच पकडला गेल्याने जीव वाचत असते, तर मृत्यूंच्या आकड्यात त्याची खूण उमटली असती. २०१४ मध्ये काही डॉक्टरांनी जाहीरपणे सावध केल्यानंतर वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या.

अनावश्यक शस्त्रक्रियेची किंमत लहान नसते. संपूर्ण ग्रंथी काढल्यास जन्मभर रोज गोळी घ्यावी लागते. शेजारच्या पॅराथायरॉईड ग्रंथी दुखावल्या तर कॅल्शियम घसरते, स्वरयंत्राच्या नसेला इजा झाल्यास आवाज जातो. शिक्षिका किंवा गायिका यांच्यासाठी हा धोका तपशिलाचा राहत नाही. जपानमध्ये कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून अशा सूक्ष्म गाठींवर केवळ लक्ष ठेवण्याचा मार्ग अवलंबिला. दहा वर्षांत दहापैकी एकाहूनही कमी रुग्णांत गाठ लक्षणीय वाढली. पुढे २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने आवरणातच राहणाऱ्या एका पॅपिलरी उपप्रकाराच्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्दच वगळला.

भारताची अडचण दुहेरी आहे. महिलांमधील थायरॉईड कर्करोगाचे देशातील उच्च दर केरळमधील तिरुवनंतपुरम येथे नोंदले गेले असून, आरोग्यसेवा सहज उपलब्ध असलेल्या भागांतील हे आकडे अति-निदानाची शंका बळावतात. दुसरीकडे, सोनोग्राफी दूर असलेल्या जिल्ह्यांतून वर्षानुवर्षे वाढलेला गलगंड किंवा मानेतील गाठींपर्यंत पसरलेला रोग घेऊन रुग्ण आजही मोठ्या रुग्णालयांत पोहोचतात. एकाच विभागात शेजारच्या खाटांवर हे दोन्ही रुग्ण असू शकतात आणि शल्यचिकित्सकाचा वेळ दोघांत वाटला जातो.

लक्षणे नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नये, असे अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०१७ मध्ये बजावले. झपाट्याने वाढणारी गाठ, बदललेला आवाज, बालपणी मानेला दिलेले किरणोपचार यांना मात्र हा सल्ला लागू नाही. तेथे विलंब घातकच. लक्ष ठेवण्याच्या पद्धतीसाठी रुग्णाने वर्षानुवर्षे नियमित येणे आणि दर वेळी कुशल हाताने सोनोग्राफी होणे आवश्यक असते. तालुक्याच्या गावातून दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या महिलेला ते शक्य नसेल, तर डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ‘एकदाचे काढून टाकू’ याच निर्णयाकडे झुकतात.