गांजाचें वाळवण व कायद्याचें मौन

गांजाचें सेवन बरें कीं वाईट, या वादांत शिरण्याचा आमचा विचार नाहीं. तो वाद जुना आहे, व दोन्ही पक्षांचे वकील त्यांत पुरेसे आहेत. आमचा आक्षेप निराळाच आहे. ज्या देशांनीं अलीकडे घरगुती लागवडीस मोकळीक दिली, त्यांच्या कायदेकर्त्यांनीं झाडें मोजलीं, ग्रॅम मोजले. परंतु कापणीनंतर मंजरी वाळवण्यामुरवण्याचें जें काम असतें, आणि ज्यावर तिची शुद्धाशुद्धता सर्वस्वी अवलंबून असते, तें त्यांनीं वाऱ्यावर सोडलें. ही उपेक्षा क्षम्य नाहीं असें आमचें मत आहे.

जर्मनीचेंच उदाहरण घ्या. तेथें 1 एप्रिल 2024 पासून प्रत्येक प्रौढास तीन झाडें लावण्याची व घरीं 50 ग्रॅम माल बाळगण्याची परवानगी आहे. हें वजन वाळल्यानंतरचें धरावें, असें कायदाच सांगतो. म्हणजे वाळण्याचा उल्लेख कलमांत आहे, तो तराजूपुरता! कानडांत 2018 पासून बहुतेक प्रांतांत घरटीं चार झाडांची मुभा आहे. तेथें परवानेवाल्या उत्पादकाच्या मालाची बुरशी व जंतु यांसाठीं तपासणी सक्तीची आहे. घरच्या मालास अशी कसलीहि सक्ती नाहीं.

आतां हें काम किती नाजूक आहे तें पाहा. ताज्या मंजरींत तीनचतुर्थांश किंवा त्याहूनहि अधिक पाणी असतें. तें शेंकडा 10 ते 12 वर आणावयाचें असतें. उन्हांत टाकून घाई केली तर सुगंधी तैलद्रव्यें उडून जातात व हिरवा, उग्र दर्प तसाच राहतो. कोंदट खोलींत काम रेंगाळलें तर करड्या बुरशीनें मंजरी गाभ्यापासून कुजते, आणि बाहेरून मात्र धडधाकट दिसते. म्हणून अंधाऱ्या, हवेशीर जागीं, सुमारें 18 ते 20 अंश उष्णतेंत व शेंकडा 55 ते 60 आर्द्रतेंत फांद्या टांगून दहा ते चौदा दिवस धीर धरावा लागतो. नंतर कांचेच्या बरणींत भरून, आरंभीं रोज झांकण उघडून ओल बाहेर जाऊं देत, कांहीं आठवडे ती मुरवावी लागते. बरणींतील आर्द्रता शेंकडा 65 च्या वर गेली कीं बुरशीस आमंत्रण मिळालेंच म्हणून समजावें. वरून वाळलेला सांडगा आंतून ओला असला तर डब्याची काय गत होते, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको.

यावर घरगुती लागवडीचे पुरस्कर्ते एक ठराविक उत्तर देतात: वनस्पति नैसर्गिक आहे, घरीं वाढविलेली आहे, म्हणून ती शुद्धच. या युक्तिवादाचें आम्हांस नवल वाटतें. वनस्पति नैसर्गिक असेल, पण बुरशी कोठें कारखान्यांत तयार होते? ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे बीजाणु श्वासावाटे फुप्फुसांत गेले, तर प्रतिकारशक्ति क्षीण झालेल्या रोग्याच्या जिवावर बेततें. वेदना किंवा मळमळ शमविण्यासाठीं या झाडाकडे वळणाऱ्यांत असेच रोगी अनेक असतात. ज्यास सर्वांत अधिक जपावें, त्याच्याच हातीं न तपासलेली बरणी द्यावयाची, यास स्वातंत्र्य म्हणावें कीं हेळसांड?

हें ज्ञान पूर्वीं कोणास नव्हतें असेंहि नाहीं. 1893-94 च्या चौकशी-मंडळानें हिंदुस्थानांतील गांजाची सविस्तर पाहणी केली. बंगालमधील नावगांवच्या शेतकऱ्यांची पायांनीं तुडवून चपटा व वळून गोल गांजा करण्याची रीत त्या अहवालांत नोंदलेली आहे. मुंबई इलाख्यांतील अहमदनगर जिल्ह्याच्या लागवडीचीहि दखल त्यांत आहे. नावगांवचा तयार माल सरकारी कोठारांत मोजून भरला जाई. त्या सरकारचा डोळा महसुलावर होता, रयतेच्या प्रकृतीवर नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु तिजोरीसाठीं जी दक्षता परक्या सरकारला सुचली, ती नागरिकांच्या आरोग्यासाठीं लोकनियुक्त सरकारांस सुचूं नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, वाळवणें शिकविणें म्हणजे व्यसनास उत्तेजन देणें. हा आक्षेप बंदी असलेल्या देशांत शोभेल. आपल्याकडे 1985 च्या कायद्यान्वयें ही लागवड गुन्हा असून तीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे. तेथें हा प्रश्नच उद्भवत नाहीं. पण ज्यानें झाड लावण्यास स्वहस्तें परवानगी दिली, त्यानें पुढील पायरीवर सोवळें नेसून उभें राहणें हा शुद्ध दंभ आहे. न शिकविल्यानें वाळवणारे थांबत नाहींत. ते केवळ वाईट वाळवितात.

तेव्हां आमची मागणी माफक आहे. परवानगीच्या कलमाशेजारींच वाळवण्यामुरवण्याचे साधे नियम सोप्या भाषेंत छापावे, आणि मूठभर माल अल्प खर्चांत तपासून मिळेल अशी सोय गांवोगांवीं करावी. आज त्या देशांत स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबेंहि पुष्कळ आहेत. तेथील मतदार म्हणून त्यांनीं हा प्रश्न आपल्या प्रतिनिधींस विचारण्यास हरकत नाहीं. हें करावयाचें नसेल तर सरकारनें परवानगीच मागें घ्यावी. तीहि एक प्रामाणिक भूमिका होईल. झाड मोजून बुरशीकडे डोळेझांक करणाऱ्या कायद्यास मात्र आम्ही प्रामाणिक म्हणणार नाहीं.