गोदामे पाडण्याआधी भाडेपट्ट्यात अट लिहा

शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झाले. मुंबईकर ज्या पूर्व किनाऱ्याला हार्बर लोकलच्या खिडकीतून काय ते ओळखत, तो एकाएकी मोक्याचा ठरला. माझगाव, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी या पट्ट्यात बंदराच्या जुन्या गोदामांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. काहींत अजून माल आहे, काहींना वर्षानुवर्षे कुलूप आहे, काहींच्या छपरातून पिंपळ वर आला आहे. राणी जाधव समितीने २०१४ मध्ये बंदराच्या जमिनींचा विचार केला. पुढे २०१८ मध्ये साडेनऊशे हेक्टरहून अधिक क्षेत्राचा आराखडा मांडला गेला. तेव्हापासून उद्याने, मरिना, क्रूझ पर्यटन, कार्यालयांचे मनोरे यांची चर्चा भरपूर झाली, पण या गोदामांचे काय करायचे हा प्रश्न बाजूलाच पडला. माझे म्हणणे असे की, जी गोदामे धड आहेत ती पाडू नयेत, त्यांना नवा वापर द्यावा. तो वापर कोणत्या अटींवर होईल हे जमीन कुणाच्या हाती जाण्याआधी भाडेपट्ट्यात लिहिलेले असावे. यातला ‘आधी’ महत्त्वाचा आहे. मुंबईने हे काम नेहमी नंतर केले आहे, आणि त्याची किंमत मोजली आहे.

ही गोदामे रिकामी झाली त्यात त्यांच्या बांधणीचा दोष नाही. पूर्वी जहाजातला माल गोदीत उतरायचा, तिथेच त्याची प्रतवारी आणि वजन व्हायचे आणि मग तो आठवडेच्या आठवडे पडून राहायचा. कंटेनर आले आणि मधला हा मुक्कामच संपला. १९८९ मध्ये न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले, साठवणुकीचा धंदा हळूहळू भिवंडीकडे सरकला. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच बंद पडत गेल्या, तेव्हा कॉटन ग्रीनला कापसाच्या गासड्या येणार कुठून? वास्तू मात्र जागेवर राहिली, आणि तिची ताकद आकड्यांत दिसते. भारतीय मानकांनुसार राहत्या घराच्या जमिनीने दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार पेलला की पुरते. गोदामासाठी हाच आकडा किमान ७५० किलो धरावा लागतो, आणि थप्पी उंच असेल तर त्याहून जास्त. कागदावर तरी गोदामाच्या अंगी घराच्या तिपटीहून अधिक बळ असते. बऱ्याच गोदामांचे जोते गाडीच्या फळीशी जुळावे म्हणून कमरेइतके उंच बांधलेले असते. हमालाने पोते थेट पाठीवर घ्यावे, वाकावे लागू नये, यासाठी केलेली ही सोय आज पावसाळ्यात तुंबणाऱ्या सखल भागात वेगळ्याच कामाला येते.

मात्र प्रत्येक गोदामात घरे होतील असे समजणे चुकीचे आहे. गोदाम बांधताना उजेड नको होता, चोरी आणि ओल टाळायची होती. म्हणून भिंती जाड, खिडक्या छताखाली आणि लहान, आणि वास्तूची खोली इतकी की भर दुपारीही मधल्या भागात दिवा लावावा लागतो. अशा ठिकाणी दोन खोल्यांची बिऱ्हाडे थाटायची तर मधल्या खोल्यांना वारा मिळणार नाही, आणि मधला भाग पोखरून चौक काढावा तर वास्तूच उरणार नाही. कार्यशाळा, लहान उद्योग, छापखाने, बाजार, प्रदर्शने, ग्रंथालय, अभ्यासिका यांना मात्र मोठे सलग दालन आणि उंच छप्परच हवे असते. हॅम्बुर्गने हे ओळखले. तिथला श्पायखरश्टाट हा लाकडी खुंटांवर उभा असलेला विटांच्या गोदामांचा भाग २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. तो मुख्य बांधाच्या बाहेर असल्याने वादळी भरतीत तिथे पाणी चढते, म्हणून वस्तीपेक्षा कार्यालये, संग्रहालये आणि गालिच्यांचा जुना व्यापार यांनाच तिथे जागा मिळाली. इमारतींची मालकी सार्वजनिक हातातच राहिली आणि जागा भाड्याने दिल्या गेल्या. मुंबईचा पूर्व किनाराही भराव घालून तयार केलेला आणि सखल आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे विसरून इथल्या तळमजल्यांचा विचार करता येणार नाही.

आता गिरण्यांकडे पाहू, कारण या वादातला सर्वांत ठोस पुरावा तिथेच आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सुचवले होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती केली. जुन्या बांधकामाखालची जमीन वगळली गेली, आणि ते बांधकाम पाडले तरी ती वगळलेलीच राहिली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ मान्य केला. परिणाम उघड आहे. शेड राखली काय आणि पाडली काय, मालकाच्या हिशेबात फरक पडणार नव्हता, उलट पाडल्यावर मनोरा उभारता येत होता. नियम तसा होता म्हणून शेडी गेल्या. फिनिक्सच्या आवारात धुराडे तेवढे उरले. मोकळ्या जागा आणि परवडणारी घरे मूळ नियमाच्या मानाने किती कमी वाट्याला आली, हे परळ-लालबागचे रहिवासी रोज पाहतात. वास्तू जपण्याची सदिच्छा अनेकांना होती, पण कागदावर तिला वजन नव्हते.

कुणी म्हणेल, मुंबईला घरे हवी आहेत आणि तुम्ही एकमजली गोदामे राखायला सांगता, ही चैन झाली. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. गोदामांनी व्यापलेली जमीन बंदराच्या एकूण जमिनीचा एक भाग आहे, उरलेल्या जागेवर घरे बांधता येतात. राखलेल्या गोदामावर वापरता न येणारा चटई क्षेत्र निर्देशांक शेजारच्या मोकळ्या भूखंडावर हलवता येतो. वारसा वास्तूंसाठी अशा हस्तांतरणाची सोय मुंबईत १९९५ च्या वारसा नियमांपासून आहे, इथे ती लावायची एवढेच. शिवाय गोदाम पाडले की परवडणारे घर मिळते, हे गिरण्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेले नाही. पाडले की बहुधा महागडा मनोरा मिळतो, आणि हजारो टन राडारोडा. सिमेंटनिर्मिती जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे सात-आठ टक्के उत्सर्जन करते. उभी भिंत पाडून नवी भिंत ओतण्याआधी हा हिशेबही मांडला पाहिजे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. जुन्या आवारांत हॉटेले आणि पब घुसवल्याने काय होते ते २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात दिसले, १४ जणांचे प्राण गेले. त्या रात्री पेटले ते गच्चीवर घातलेले ज्वलनशील छप्पर, आणि माणसे सापडली ती बाहेर पडायच्या वाटा अडल्याने. दोष वास्तूच्या वयाचा म्हणता येणार नाही, वापर बदलताना कुणी तपासले नाही याचा तो होता. कापूस ठेवायला बांधलेल्या वास्तूत दोनशे माणसे बसवायची तर दोन जिने, पुरेशा रुंदीची दारे, पाण्याची टाकी, फवारे आणि दरवर्षीची तपासणी लागेलच. खाऱ्या वाऱ्याने सळ्या गंजलेल्या काही गोदामांत हा खर्च वास्तूच्या मोलापेक्षा जास्त होईल. अशी गोदामे पाडावीत, माझी त्याला हरकत नाही. पण हा निर्णय संरचनात्मक तपासणीनंतर, एकेका गोदामाचा व्हावा. सरसकट ‘धोकादायक’ असा शिक्का मारणे हा निर्णय नव्हे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. न्यूयॉर्कच्या सोहो भागात रिकाम्या कारखान्यांत आणि गोदामांत आधी कलावंत राहायला गेले, १९७१ मध्ये शहराने त्यांच्या राहण्याला परवानगी दिली, १९८२ मध्ये राज्याने त्यासाठी वेगळा कायदा केला. तोवर भागाला नाव मिळाले होते, आणि नावाबरोबर भाडे वाढले. आज तिथे नवोदित चित्रकाराला खोली परवडत नाही. मुंबईत हे घडले तर सर्वांत आधी बाहेर पडतील ते लोखंडाचे, धान्याचे, भंगाराचे छोटे व्यापारी आणि त्यांच्याकडचे माथाडी. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला मंडळात नोंद, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मिळवून दिला, पण हा कायदा माल जिथे हाताळला जातो तिथेच लागू पडतो. माल गेला की मंडळातली नोंद कोरा कागद ठरते.

इथेच बंदराची जमीन गिरण्यांहून वेगळी ठरते. बऱ्याच गिरण्या खासगी मालकांच्या होत्या, ही जमीन बंदर प्राधिकरणाची, म्हणजे सार्वजनिक आहे. ती विकायची गरज नाही. भाडेपट्ट्यात लिहिता येते की भिंती, खांब आणि छताचा सांगाडा राखला जाईल. काही टक्के जागा चालू धंद्यांना ठरलेल्या भाड्याने मिळेल. गच्चीवर तात्पुरते छप्पर घातले तर पट्टा रद्द होईल. किनाऱ्याकडे जाणारी वाट सर्वांना खुली राहील. त्याआधी प्रत्येक गोदामाची मोजणी व्हावी: बांधणी कशाची, भार किती पेलते, आत आज कोण काम करतो. ही यादी आणि या अटी पहिल्या निविदेच्या जाहिरातीसोबतच प्रसिद्ध व्हाव्यात, म्हणजे बोली लावणारा त्या धरूनच आपला आकडा लावेल, आणि नंतर त्या सोडवून घ्यायला मंत्रालयाचे उंबरठे झिजवण्याचे कारण त्याला उरणार नाही.