खड्डा कसा बुजवला, ते विचारा!

खड्डा कसा बुजवू नये, हे कोल्हापूरकराला कुणी शिकवायची गरज नाही. भर पावसात ट्रॉली येते, पाणी साठलेल्या खड्ड्यात खडी ओतली जाते, वरून रोलर फिरला न फिरला की मंडळी गायब. आठवड्याभरात खडी रस्त्याच्या कडेला आणि खड्डा आधीपेक्षा मोठा! आपण शिव्या घालतो, कारण गोष्ट साधी असते. डांबर भारीतलं होतं की हलकं, हा नंतरचा प्रश्न. आधी खड्डा झाडायला हवा होता, कोरडा करायला हवा होता, कडा नीट कापायला हव्या होत्या आणि माल थराथराने बसवायला हवा होता.

मग हीच अक्कल आपण डेंटिस्टच्या खुर्चीत का वापरत नाही?

तिथे आपले प्रश्न दोनच. ‘चांदी की दाताच्या रंगाचं?’ आणि ‘किती होतील?’ मोबाइल घेताना कॅमेऱ्यापासून बॅटरीपर्यंत चौकशी करणारे आपण, दाढेचं काम मात्र लंच ब्रेकमध्ये उरकतो. दोन मीटिंगच्या मध्ये अर्धा तास, तोंड उघडलं, भुर्रर्र आवाज, निळा लाइट, जीपे... डन! सहा महिन्यांनी मिसळीच्या पहिल्या घासाला कट्‌ आवाज आला की म्हणतो, मटेरियलच डुप्लिकेट होतं राव!

असेलही. पण बऱ्याचदा गोम मटेरियलच्या नावात नसते. ती असते खड्डा कसा कोरला आणि कसा भरला यात.

चांदीचा लोटा

घरात आई-बाबांना विचारा. त्यांच्या एखाद्या दाढेत काळपट ‘चांदी’ असेल आणि ती वीस-पंचवीस वर्षं जागची हललेली नसेल. हुपरीच्या कारागिरांनी या चांदीला चांदी म्हटलं नसतं, कारण त्यात साधारण निम्मा असतो पारा. उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. याचं खरं नाव अमाल्गम. आणि त्याची मोठी अडचण म्हणजे ते दाताला चिकटत नाही.

चिकटत नाही तर टिकतं कसं? खड्ड्याच्या आकारामुळे. लोटा आठवा. तोंड जरा अरुंद, पोट जरा रुंद. दाढेतला खड्डा तसा कोरला की आत ठासलेलं अमाल्गम कडक झाल्यावर बाहेर येऊच शकत नाही. तळ सपाट हवा आणि खोली दीड ते दोन मिलिमीटर तरी हवी, कारण पातळ थर दिला तर अमाल्गम चावताना तुटतं. दोन दातांच्या मधल्या बाजूला कीड असेल तर वरच्या बाजूचा खड्डा कबुतराच्या शेपटीसारखा पसरट करायचा, म्हणजे फिलिंग बाजूला सरकणार नाही. सुतारकामातली जुनी युक्ती, दुसरं काय!

हे सगळं नियमांत बसवलं अमेरिकेच्या जी. व्ही. ब्लॅक यांनी. १९०८ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथावर डेंटिस्टच्या कित्येक पिढ्या शिकल्या. त्यांचा आणखी एक नियम होता. कीड जेवढी आहे तेवढंच कोरून थांबू नका, शेजारच्या ज्या खाचांमध्ये पुढे कीड लागू शकेल त्याही खड्ड्यात घ्या. फ्लोराइडची टूथपेस्ट नव्हती त्या काळात हे बरोबरही होतं. पण त्याची किंमत म्हणून चांगला, निरोगी दातही कापला जायचा.

चिकटवायची सोय झाली, नियम बदलले

१९५५ साली रोचेस्टरच्या मायकेल बुओनोकोर यांनी एक भन्नाट कल्पना लढवली. कारखान्यात धातूवर रंग घट्ट बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिडचा हात फिरवतात, तसंच दाताला केलं तर? ॲसिडने एनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडली, त्यात पातळ रेझिन शिरलं आणि तिथेच घट्ट झालं. दाताला काहीतरी खरोखर चिकटवता येऊ लागलं. पुढे राफेल बोवेन यांच्या १९६२ च्या पेटंटमधल्या रेझिनवर आजची दाताच्या रंगाची फिलिंग, म्हणजे कॉम्पोझिट, उभी राहिली.

आता लोट्याची गरज संपली. कीड जेवढी, खड्डा तेवढाच. ज्वारीच्या दाण्याएवढी कीड असेल तर दाण्याएवढंच कोरायचं. दाढेसाठी केवढी चैन!

पण या चैनीला एक अट आहे. जागा कोरडी पाहिजे. ॲसिड लावून धुतलेल्या एनॅमलवर थुंकीचा एक थेंब आला तरी पकड बिघडते. त्यात आतलं डेंटिन आणखी नाजूक. ते ओलं राहिलं तरी पंचाईत आणि हवा मारून पार कोरडं ठणठणीत केलं तरी कित्येक बाँडिंगना नीट आत शिरता येत नाही. पाणी निथळलेलं, पण ओलसर... हा बॅलन्स हातालाच कळतो.

म्हणून रबर डॅम. पातळ रबरी पडदा, त्याला भोक, भोकातून फक्त तुमची दाढ बाहेर. जीभ, गाल, थुंकी सगळं पडद्यामागे. ही सोय आजकालची नाही, १८६४ सालची आहे! न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांची. पण तो लावायला वेळ लागतो, पेशंट कुरकुरतो आणि मग कापसाचे बोळे आणि सक्शनवर भागवलं जातं. समोरच्या दाताला ते चालून जातं. खालच्या शेवटच्या दाढेला, जिथे थुंकीचं तळंच असतं, तिथे मात्र कठीण.

उद्यमनगरला विचारा

पुढचा मुद्दा कळायला आपण जगात भारी ठिकाणी राहतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव... घरटी नाही तरी गल्लीत एक माणूस फाउंड्रीशी संबंधित सापडतोच. त्याला विचारा, वितळलेलं लोखंड थंड होताना काय होतं? तो लगेच सांगेल, आकसतं. म्हणून पॅटर्न थोडा मोठा बनवतात आणि कमी पडलेला माल पुरवायला रायझर ठेवतात.

कॉम्पोझिटही आकसतं. निळ्या लाइटखाली कडक होताना त्याचं आकारमान साधारण दोन ते तीन टक्क्यांनी कमी होतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दाढेत ना मोठा पॅटर्न करता येतो, ना रायझर लावता येतो. आकसणारा माल भिंतींना चिकटलेला असतो, म्हणजे तो भिंतींना आत ओढतो. भिंत पातळ असेल तर तिला चीर जाऊ शकते. पकड कच्ची असेल तर ती सुटते आणि केसाएवढी फट पडते. त्या फटीतून थंड पाणी झोंबतं, कडेला तपकिरी रेघ दिसते आणि हळूहळू जंतू खाली उतरतात. वरून फिलिंग चकाचक, खाली नवीन कीड!

यातही खड्ड्याचा आकार महत्त्वाचा. उथळ, पसरट खड्ड्यात मालाला वरून मोकळं आकसायला जागा मिळते. खोल डबीसारख्या खड्ड्यात चार भिंती आणि तळ, सगळीकडून पकडलेला माल जास्त ताण देतो. नेदरलँड्सच्या संशोधकांनी १९८७ मध्ये हे गणितात मांडलं.

उपाय? थर. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त माल नाही, प्रत्येक थराला वेगळा लाइट. जाड गोळा एकदम कोंबला तर प्रकाश तळापर्यंत पोचत नाही. वरून कडक, खाली कच्चं. अगदी घाईत भाजलेल्या भाकरीसारखं. हल्ली चार मिलिमीटरपर्यंत एकदम भरता येणारी ‘बल्क फिल’ कॉम्पोझिट आली आहेत, पण तीही चार मिलिमीटरपर्यंतच. आणि लाइटचं टोक दाढेजवळ, सरळ धरलं पाहिजे. तिरपं, लांबून धरून भागत नाही.

मटणाचा धागा

आता खास कोल्हापुरी टेस्ट. तांबडा-पांढरा झाला, सुक्कं झालं आणि नंतर अर्धा तास टूथपिक? तेही दर वेळी, त्याच दोन दाढांमध्ये? तिथे फिलिंग असेल तर ते बहुतेक शेजारच्या दाताला नीट टेकत नाहीये.

दोन दातांमधलं फिलिंग सगळ्यात अवघड. तिथे भिंतच नसते, तात्पुरती उभी करावी लागते. त्यासाठी धातूची पातळ पट्टी दाढेभोवती लावतात आणि खालून बारीक पाचर मारतात. पट्टी सपाट बसली तर फिलिंगचा फुगीरपणा जातो आणि मधे फट राहते. पाचर राहून गेली तर माल हिरडीकडे सांडतो. दोन्हीकडे अन्न अडकतं आणि कीड तिथूनच परत सुरू होते. फ्लॉस घालून बघा. तो थोडा अडून टक्‌कन आत गेला पाहिजे. सहज घसरला किंवा दर वेळी फाटला तर डॉक्टरांना दाखवा.

चांदी चालली...

आई-बाबांची चांदी टिकली याचं एक कारण असं, की ती थोडा ओलावा सहन करायची. कॉम्पोझिट तेवढं माफ करत नाही. मागच्या दाढांबद्दलच्या अभ्यासांचा कॉक्रेनने २०१४ मध्ये आढावा घेतला, तेव्हा अमाल्गमपेक्षा कॉम्पोझिट फेल होण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला. पुरावा फार भक्कम नाही, असंही त्यांनीच सांगितलं आणि मटेरियल तेव्हापासून सुधारलंही आहे.

पण आता परत चांदीकडे जाणंही नाही. पाऱ्याबद्दलच्या मिनामाटा कराराला भारताने २०१८ मध्ये मंजुरी दिली. युरोपियन युनियनने काही अपवाद सोडून १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गम बंद केलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत करारातल्या देशांनी २०३४ पर्यंत ते थांबवायचं ठरवलं. म्हणजे चुका पोटात घालणारं मटेरियल जाणार, हाताची सफाई मागणारं राहणार. (तुमच्या तोंडातली जुनी चांदी धडधाकट असेल तर सेल्फीसाठी ती उकरून काढू नका. उकरताना पाऱ्याची वाफ सुटते आणि चांगला दातही जातो.)

दर वेळी थोडी दाढ जाते

आणि खरा हिशोब इथेच आहे. फिलिंग पडलं तर परत भरता येतं, मग एवढं टेन्शन कशाला? कारण दर वेळी खड्डा मोठा होतो. दाताच्या रंगाचं फिलिंग कुठे संपतं आणि दात कुठे सुरू होतो हे उकरताना नीट दिसतही नाही. पंचविशीत छोटं फिलिंग, तिशीत मोठं, पस्तिशीत भिंत तुटली, मग रूट कॅनल, मग कॅप. चाळिशीत ‘काढावी लागेल’. गाडीच्या ईएमआयला शेवटचा हप्ता असतो, दाढेच्या या हप्त्यांचा शेवट म्हणजे दाढच नाही!

म्हणूनच आता खोल किडीतही सगळं खरवडून काढायचा हट्ट मागे पडलाय. कडा कडक दातापर्यंत साफ करायच्या, पण नसेच्या अगदी जवळचा थोडा मऊ थर राहू द्यायचा आणि वरून हवाबंद फिलिंग करायचं, असं २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने सुचवलं. तेव्हा पुढे कुणी एक्स-रे बघून ‘कीड ठेवलीच की’ म्हणालं तर घाबरू नका, आधीच्या डॉक्टरांना विचारा.

नव्या पारगावच्या तात्यासाहेब कोरे कॉलेजसारख्या डेंटल कॉलेजांत बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला मुलं पेशंटला हात लावायच्या आधी डमी डोक्यांवर असे खड्डे कोरतात, मिलिमीटर मोजून. त्या विषयाचं नाव आहे कन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री. वाचवायची असते ती दाढ, फिलिंग नव्हे!

पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा

• लंच ब्रेक नको. दोन दातांमधल्या फिलिंगसाठी तासभर मोकळा ठेवा. डॉक्टरांची घाई कधी कधी तुमच्या घाईतून येते.

• ‘रबर डॅम लावणार का? नाही तर कोरडं कसं ठेवणार?’ हे बिनधास्त विचारा. चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

• जागा कोरडी राहणारच नसेल, हिरडीखाली खोल कीड असेल, तर ग्लास आयोनोमर, म्हणजे आपलं ‘सिमेंट’, चालेल का विचारा. ते थोडा ओलावा सहन करतं आणि फ्लोराइडही सोडतं, पण चावायच्या जोराला जरा कच्चं.

• शेवटी निळा कागद चावायला देतात, तेव्हा नीट चावा. बधिरपणा उतरल्यावर फिलिंग उंच वाटलं तर ‘सवय होईल’ म्हणत बसू नका, परत जा. दहा मिनिटांचं काम असतं.

• थोडे दिवस थंड झोंबू शकतं. दोन आठवड्यांनीही कमी होत नसेल, किंवा रात्री आपोआप ठणकत असेल, तर फोन करा.

• जुन्या फिलिंगचा एखादा कोपराच गेला असेल तर ‘सगळं न काढता तेवढंच दुरुस्त होईल का?’ हा प्रश्न लाखमोलाचा.

• आणि हो, दिवसभर डेस्कवर गोड चहा, बिस्किटं, कोल्ड्रिंकचा मारा चालू असेल तर जगातला कुठलाही डॉक्टर, कुठलंही मटेरियल हात टेकेल. ब्रश दोनदा, फ्लोराइड पेस्टने.

एवढं केलंत तर दाढेवर झणझणीत कट ओतायला तुम्ही मोकळे. नाद खुळा!