भीमेचे पाणी आणि विटाळ

भीमाशंकरला भीमा नदी उगम पावते. पुराणकथा म्हणते, त्रिपुरासुराला मारून दमलेल्या शंकराच्या घामातून ती निघाली. सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसाला या कथेत जागा नाही.

कथा बाजूला ठेवा आणि नदीच्या काठाने चला. हीच नदी कोरेगावला येते. १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या सैन्याशी तिथे लढणाऱ्यांत महार सैनिक होते. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथल्या विजयस्तंभापाशी गेले. पुढे पंढरपुरात तिलाच चंद्रभागा म्हणतात. तिथे चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, मंदिराबाहेर आहे. ते मंदिर अस्पृश्यांना खुले व्हायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले.

म्हणजे पाणी तीर्थ आणि त्याच काठावरचा माणूस विटाळ! हा न्याय नदीचा नाही, ब्राह्मणी व्यवस्थेचा आहे.

मग आपण भीमाशंकरला जावे का? जंगल आणि शेकरू बघायला, तिथल्या महादेव कोळी बांधवांचे प्रश्न समजून घ्यायला जरूर जा. पण दर्शनाच्या रांगेत आपली मुक्ती नाही. काळाराम सत्याग्रह माणूस म्हणून समान हक्कासाठी होता. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी तोही टप्पा मागे टाकला. चवदार तळ्याचे पाणीसुद्धा आपण तीर्थ म्हणून प्यायलो नव्हतो.

म्हणून मित्रांनो, उगमाचे पावित्र्य मोजत बसू नका. आपल्या गावात नळ कोणत्या वस्तीत सर्वांत शेवटी पोचला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा.

जय भीम!